प्रकल्प नोंदी : ‘धाकली आसरा’

16 मार्च 2025, परभणी

वहीचं पहिलं पान. आज जे ठरलं ते लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरानं ‘मी असं म्हणलंच नव्हतं’ सुरू होतं.

करायचं ते असं: हान्स क्रिश्चियन अँडरसनची जलपरीची गोष्ट आपल्याकडं आणायची. सात भाग, नुसता आवाज. कॅमेऱ्याला पैसे लागतात आणि तोंड दाखवावं लागतं. आमच्यातल्या दोघींना दोन्ही परवडणारं नाही. माणसं चार. मी लिहिणार, आणि पोटासाठी दिवसभर ई-सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरणार. बारक्या आवाज जोडणार. तो लग्नात डीजे वाजवतो, त्यामुळं लग्नसराईत त्याची तारीख नवरदेवालाही मिळत नाही. नांदेडची मैत्रीण गोदाचं काम करणार. चौथी आत्या, जिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

समुद्र आपल्याकडं नाही. पण पाण्यातल्या बाया आहेत, आणि त्या अँडरसनच्या आधीपासून आहेत. विहिरीच्या नाहीतर नदीच्या काठाला सात दगड, शेंदूर फासलेले, पुढं हिरव्या बांगड्या, वाळून गेलेला दहीभात. साती आसरा. लहानपणी भर दुपारी विहिरीकडं जाऊ द्यायचे नाहीत, आसरा धरतात म्हणून. मूळ गोष्टीत बहिणी सहा, आपल्याकडं सात. एक जास्तीची मिळाली.

राजपुत्राच्या जागी गोदा येणार. बाकी गोष्ट तीच, एवढाच बदल, असं मी बारक्याला सांगितलं. “एवढाच?” म्हणाला आणि बराच वेळ मोबाईलकडं बघत बसला. मग म्हणाला, “कर की. मी डीजेवर काय काय वाजवतो ते ऐकलंस का कधी? त्यापरीस हे बरंच सोवळं हाय.”

2 एप्रिल

आज अँडरसनचा वाढदिवस. 1805, डेन्मार्कमधलं ओडेन्स. बाप जोडे शिवायचा, आई लोकांचं धुणं धुवायची. जलपरीची गोष्ट 1837 च्या एप्रिलात कोपनहेगनमध्ये छापून आली.

नांदेडचीनं विचारलं होतं की लहान मुलांच्या गोष्टीत आपण आपलं घुसवतोय असं लोक म्हणतील, त्यांना काय सांगायचं? त्यासाठी दोन रात्री वाचत बसले. अँडरसनचा ज्या घरात आश्रय होता, त्या घरातल्या मुलावर, एडवर्ड कॉलिनवर, त्याचा जीव जडला होता. त्याला लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत, आणि ती कुणी दोस्ताला लिहितो तशी नाहीत. कॉलिननं 1836 साली लग्न केलं. पुढच्या साली ही गोष्ट आली: जी बोलू शकत नाही, जिच्या डोळ्यांदेखत तिचं माणूस दुसऱ्याशी लग्न करतं, आणि जी त्या लग्नाच्या जहाजावर नाचते. अँडरसन गेल्यावर कॉलिननंही लिहून ठेवलं की त्या प्रेमाला आपल्याला प्रतिसाद देता आला नाही आणि त्याचा अँडरसनला त्रास झाला.

गोष्ट सरळ त्या लग्नातूनच उगवली असं ठोकून देणं मला जास्तीचं वाटतं; लेखकाचं डोकं काही पावतीपुस्तक नसतं. पण ‘घुसवलं’ म्हणणाऱ्याला एवढं सांगता येईल की ते आधीपासून आत होतं.

दोन निर्णय. मूळ परी पंधरा वर्षांची आहे; आमच्या दोघी पंचविशीतल्या, यावर चर्चा नाही. आणि अँडरसन 1875 मध्ये गेला, त्याच्या गोष्टीवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, पण डिस्नेच्या सिनेमातल्या लाल केसांच्या परीवर आहे. तिकडचं खेकडं-मासं काहीही यात यायला नको. बारक्याला हे दोनदा सांगितलं, कारण तो ती गाणी गुणगुणत होता.

13 एप्रिल, वालूर

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघून आलो. दोघं एका गाडीवर, सकाळी सहाला निघालो तरी यायच्या वेळेला डोकं तापलं. ही बारव चक्राकार आहे. पायऱ्या सरळ उतरत नाहीत, वळत वळत खाली जातात. दहा पायऱ्या उतरलं की आपण आलो ती जागाच दिसत नाही.

बारक्यानं खाली टाळी वाजवली आणि फोनवर लाट बघत बसला. मला तेवढं कळत नाही. मला एवढंच कळलं की वरचा आवाज खाली स्पष्ट येतो आणि खालचा वर जाताना विरघळतो. गोष्टीला नेमकं हेच पाहिजे. धाकलीला वरचं सगळं ऐकू येतं; वरच्यांना तिचं काहीच नाही.

येताना बारवांवरचं एक टिपण वाचलं. उतरायला एक वाट असेल ती नंदा, दोन असतील ती भद्रा, तीन जया, चार विजया. चार बहिणींची नावं फुकटात मिळाली. उरलेल्या दोघींना नावंच ठेवायची नाहीत, त्या कायम एकदम बोलतील. त्यांचे संवाद लिहायला मला सगळ्यात मजा येणार आहे.

20 एप्रिल

आराखडा. साल 2016, लातूरकडचं एक गाव, नाव घ्यायचं नाही. जहाजाच्या जागी विहीर: गोदा दोर बांधून तळाशी पाणी भरायला उतरते, दोर तुटतो. धाकली तिला धरून पायरीपर्यंत आणते. वर बोंबाबोंब झाल्यावर सरपंचाचा पुतण्या पळत येतो, हात देतो, आणि जीव वाचवल्याचं नाव त्याचं होतं. (मूळ गोष्टीतही राजपुत्राला भलतीच पोरगी आपली तारणहार वाटते.) गावात नाव झालं की पुढची पायरी सोयरीक.

मग धाकली आवाज देऊन पाय घेते आणि गोदाच्या घरी येते. कुठली, कुणाची, काही सांगता येत नाही. गोदाची आई म्हणते, मुकी दिसते बिचारी, राहू दे. उन्हाळा असल्यानं सगळे माळवदावर झोपतात. दोघींच्या वाकळा शेजारी-शेजारी. हे मला लिहावं लागणार नाही, नुसतं रातकिडे आणि गोदाचं हळू आवाजातलं बोलणं ठेवलं तरी पुरे.

पाण्याची गाडी घ्यायचीच. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली गाडी लातूरला आली, दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. तेव्हा मी कॉलेजात होते आणि ती गाडी टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणीच बोलत नव्हतं. मूळ गोष्टीत शेवटी बहिणी केस कापून, त्या बदल्यात सुरी घेऊन समुद्रावर येतात: राजपुत्राला मारलंस तर जगशील म्हणून. आमच्या सहा बहिणी या गाडीतून येणार. विहिरी आटल्यावर त्या दुसऱ्या कशातून येतील? नंदा वाघिणीच्या झाकणातून डोकं काढून विचारते, “हे कोणतं स्टेशन?” एवढ्यावर नांदेडची फोनवर पाच मिनिटं हसत होती.

तिचा फोन रात्री साडेदहानंतरच येतो, घरचे झोपले की.

बारक्याचा प्रश्न: 2016 म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तसंच होतं ना? होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा. पण गोदाला कलम माहीत असायचं कारण नाही. तिला आईची नजर माहीत आहे, तेवढ्यात भागतं.

4 मे

आज भांडण. कामाचं होतं म्हणून लिहिते.

समुद्रातल्या चेटकिणीच्या जागी मी केसवाली घेतली होती. गल्लीत ‘केसावर भांडीऽऽ’ ओरडत येते ती. विंचरलेल्या केसांचे गुंतवळ आपण भिंतीच्या फटीत साठवून ठेवतो, ती ते तोलते आणि वाटी नाहीतर डबा देते. केसावर भांडी देते तर आवाजावर पाय देईल. आणि शेवटी बहिणींचे केस घेऊन सुरीच्या जागी इळा देईल. मला हे इतकं चपखल वाटलं की मी स्वतःवरच खूश होते.

बारक्या वाचून म्हणाला, “माझी आज्जी हाच धंदा करायची. चेटकीण करायला तुला दुसरं कुणी घावलं नाही?”

मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षांची ओळख आहे आमची. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

घरी येऊन मूळ गोष्ट परत वाचली, आणि मीच चुकीचं वाचलं होतं. ती चेटकीण एका शब्दानं फसवत नाही. पाऊल टाकशील तेव्हा सुऱ्यांवर चालल्यासारखं होईल, परत कधी परी होता येणार नाही, त्यानं दुसरीशी लग्न केलं तर दुसऱ्या सकाळी तुझा फेस होईल, हे सगळं आधी सांगते. वर हेही सांगते की तू मूर्खपणा करतेयस. साऱ्या गोष्टीत तिच्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही. तेव्हा केसवाली राहणार, चेटकीण जाणार. तराजू सरळ धरून किंमत तोंडावर सांगणारी बाई. बारक्यानं आज्जीचं एक वाक्य दिलं, तसंच घेतलं: “तोलून घे बाई, मागनं रडायचं न्हाई.”

आज्जीचा आवाज तो स्वतः काढणार म्हणतो. बघू.

18 मे

भाग 3 चं रेकॉर्डिंग. वाया गेलं.

माझ्या खोलीत चारी बाजूंनी वाकळा टांगल्या, पंखा बंद, कूलर बंद. दहा मिनिटांत घामानं कागद ओला. मग लाईट गेली. ती आली तेव्हा शेजारच्यांचा कूलर सुरू झाला आणि आवाज कापायच्या ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये त्याची घरघर कितीही काढली तरी मागं उरते. काढत गेलं की गोदाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. नांदेडची तिकडून तिच्या फोनवर वाक्यं रेकॉर्ड करून पाठवते. कपाटात बसून करते म्हणे.

पण खरी अडचण वेगळीच आहे. धाकलीचा आवाज मीच केलाय, दुसरी कुणी मिळाली नाही. पहिल्या दोन भागांत ती बोलते. तिसऱ्यापासून मुकी. म्हणजे ऐकणाऱ्याच्या लेखी ती नाहीच! गोदा बोलते, थांबते, परत बोलते. ऐकताना वाटतं, ही एकटीच बडबडतेय. नायिका मुकी आणि माध्यम आवाजाचं, हे मला मार्चमध्ये सुचायला हवं होतं.

बांगड्या वाजवून बघितल्या. दर वाक्याला छुमछुम, नाटकातल्या भुतासारखं. श्वास ठेवला, तर बारक्या म्हणाला दमा वाटतो.

एक गोष्ट मात्र जमली. सुऱ्यांवर चालणं. बारक्याच्या मेव्हण्याच्या रानात ज्वारी काढून झालीय, धसकटं उभी आहेत. लहानपणी ज्याच्या पायात धसकट गेलंय त्याला सुरीचं काय सांगायचं. मी अनवाणी बारा पावलं चालले आणि बारक्या माइक घोट्याशी धरून मागं वाकत आला. पहिल्या चार पावलांना मी ‘स्स’ केलं, ती कापून टाकली. उरलेली आठ वापरायची: कोरडं खुंट मोडल्याचा कट्ट, मातीचा दाब, परत कट्ट. मध्ये कुणाचा हुंकारही नाही. आज हाती लागलं ते एवढंच. उजव्या टाचेला हळद लावून बसलेय.

1 जून, आत्याकडं, गंगाखेडजवळ

लांब लिहिणार आहे.

भाग 5 मध्ये गोदाच्या लग्नाची हळद दळायची आहे. गिरणी आली, मिक्सर आला, तरी हळद अजून जात्यावर दळतात, निदान पाच मुठी, बायका जमवून, ओव्या म्हणून. आत्याकडं जातं आहे आणि ओव्यांचं तर मोजमापच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. आत्याकडं कुणी आलं नाही, नाहीतर आकडा अजून वाढला असता.

गोष्ट सांगितली. किती सांगायची ते ठरवून गेले होते, ‘दोन मैतरणी’ एवढंच म्हणायचं. आत्या हळकुंडं फोडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “म्हंजी ती आसरा त्या पोरीसाठी वर आली.” मी हो म्हणाले. “आन ती पोरगी दुसरीकडं चालली.” हो. “मंग दोघीच दळतील की. एकटी कामून दळंल?”

तिनं मला समोर बसवलं. जातं जड आहे, टाकी लावून कैक वर्षं झालीत. आधी एकटीनं ओढायला लावलं. हात पुढं गेला की जातं मंदावतं, जवळ आला की पळतं. घर्रर्र, घर्र. घर्रर्र, घर्र. दर फेऱ्याला एक अडखळ, तिथं मनगट वळतं. मग तिनं माझ्या मुठीवर खुंटा धरला. तिचा पाय माझ्या पायाजवळ पसरलेला. माझा हात पुढं जातो तेव्हा तो तिच्या जवळ येतो, माझं जिथं मंदावतं तिथं ती ओढते. अडखळ गेली. जातं एका सुरात घुमायला लागलं, भोवऱ्यासारखं. तिनं हात सोडला की लगेच घर्रर्र, घर्र.

मी फोन काढून बारक्याला लावला आणि जात्याजवळ धरला. “ऐक,” म्हणाले. एक बाई. मग दोन. परत एक.

“आयला,” तो म्हणाला. “घावली.”

धाकली इथं ऐकू येते. तोंडानं नाही. गोदा ओवी म्हणत असताना जातं अडखळतं का एकसारखं घुमतं, त्यावरून ती समोर आहे का नाही, तिचं चित्त कुठं आहे, रुसलीय का, सगळं कळतं. आणि गोदालाही तिथंच कळणार. विहिरीत ज्या हातांनी तिला धरलं होतं त्यांची ओढ अशीच होती: आपलं जोर संपतं तिथं नेमकं ओढणारी. भाग 3 आणि 4 मध्येही हेच पेरायचं. पोहऱ्याचा दोर, पाळण्याची दोरी, जिथं जिथं दोन हात लागतात तिथं.

ओवी आत्यानं जागेवर जुळवली:

हळद दळीते मी, पिवळं पिवळं पीठ
सईच्या डोळ्याची मला लागू नये दीठ

सुरेख आहे. मैत्रिणीची नजर लागू नये, नवरीनं म्हणायचं ते. मी जरा वेळानं म्हणाले, आत्या, शेवट थोडा बदलला तर? ‘लागू नये’ च्या जागी ‘लागू दे गं’.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मूठभर हळकुंडाचे तुकडे जात्याच्या तोंडात टाकले, खुंटा धरला आणि म्हणाली, “चालू कर तुजं मशीन.” आणि म्हणली, ‘लागू दे गं दीठ’, तीन वेळा, तिसऱ्यांदा लांबवून.

निघताना डबाभर हळद दिली. नांदेडचीला पाठवून दे म्हणाली. मी तिच्याबद्दल आत्याजवळ काय बोलले होते ते आठवायचा प्रयत्न करतेय.

8 जून

कुरियर. हळद नांदेडला गेली. भाग 3 पूर्ण नव्यानं लिहायचा.

6 जुलै, आषाढी

आज काम नाही, उपवास आहे, साबुदाणा जास्त झालाय.

गंगाखेड जनाबाईचं गाव, हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे. जनीबरोबर दळायला विठ्ठल यायचा, हेही. पण जून महिन्यातल्या त्या दुपारनंतर मी पहिल्यांदाच विचार केला की दळायला म्हणजे कुठं बसून? समोर. त्याच खुंट्याला हात लावून. आणि जनी त्याला विठाबाई म्हणते. लाडानं, मायेनं, कसंही घ्या, पण जात्यापाशी बसलेल्या देवाला तिनं बाई केलं, आणि सातशे वर्षं आपण ते भक्तिभावानं ऐकतोय.

हे मालिकेत घालायचं नाही. बारक्या घाल म्हणतो. मला नको वाटतं. जनीला वकील म्हणून उभी करायची नाही. आत्या ऐकेल तेव्हा तिला आपोआप आठवेल, नाही आठवलं तरी काही बिघडत नाही.

27 जुलै

शेवट ठरेना.

अँडरसनकडं ती सुरी समुद्रात फेकून देते, फेस होते, मग हवेच्या लेकी तिला उचलून नेतात आणि तीनशे वर्षं चांगली कामं केलीस तर आत्मा मिळेल म्हणतात. तीनशे वर्षं! आपल्याकडं अनुदानाची फाईलसुद्धा त्याच्या आधी निघते.

ती मरणार नाही एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं आहे. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली, बाईवर जीव जडलेली मित्रा 1981 साली रंगभूमीवर आली आणि शेवटी तिनंही जीव दिला. आता पुरे.

म्हणून मी असा शेवट लिहिला: हळदीच्या रात्री गोदा बारवेच्या पायऱ्या उतरत जाते, धाकली पाण्यात उभी आहे, गोदा पाण्यात पाऊल टाकते. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. आत्याला फोनवर वाचून दाखवला.

आत्या गप्प. मग म्हणाली, “हळदीची पोरगी बारवात उतरली, आन तू त्याला सुख म्हणायलीस?”

मी म्हणाले, अगं, तिथं तिची ती आहे ना.

“ते तुला म्हाईत. ऐकणाऱ्या बाया काय समजतील? आमच्या गल्लीत तिघींनी हीर जवळ केली. तिघींची नावं सांगू का?”

सांगितली. इथं लिहीत नाही. एक तर मला चांगली आठवते, माझ्या केसांना तिनं एकदा रिबीन बांधून दिली होती.

चूक माझीच आहे. मी अँडरसनचा समुद्र डोक्यात धरून लिहीत होते. समुद्रात उतरणारी पोरगी म्हणजे पोहायला जाणारी पोरगी असू शकते. आपल्याकडं रात्री एकटी बाई पाण्यात उतरली तर त्याचा एकच अर्थ होतो, वरून कितीही सतार वाजवा. गोदानं उतरायचं नाही. पण मग दोघी भेटणार कुठं? भाग 7 कोरा.

1 सप्टेंबर

घरी महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठा शेजारी-शेजारी उभ्या, एकसारख्या साड्या, सोळा भाज्यांचा नैवेद्य. आईनं कनिष्ठेचा पदर सारखा करताना ज्येष्ठेचा हात तिच्याकडं जरा वळवला, ‘एकमेकीकडं बघू द्या’ म्हणाली. फोटो काढून नांदेडला पाठवला. उत्तर रात्री साडेदहाला आलं.

28 सप्टेंबर

या महिन्यात वही उघडली नाही. पाऊस थांबलाच नाही. साऱ्या मराठवाड्यात हेच आहे. सोयाबीन पाण्यात सडलं, कित्येकांच्या रानातली माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. जायकवाडीचे दरवाजे उघडलेत, गोदावरीकाठची गावं हलवलीत. आत्या आमच्याकडं आलीय. जातं तिकडंच राहिलं, तेवढ्या जडाला पूर नेत नाही म्हणते.

केंद्रात सकाळी आठपासून रांग. आधार, बँकेचं पासबुक, केवायसी. आज एक म्हातारबाबा अंगठा लावत होते आणि यंत्र उमटवून घेईना. चिखल उपसून उपसून बोटावरच्या रेषाच झिजल्यात. नवव्यांदा लागला.

दुष्काळाची गोष्ट लिहायला घेतली होती मी.

12 ऑक्टोबर, आत्याचं गाव

आत्याला सोडायला आले. भिंतीवर गुडघ्याएवढी ओल. जातं आहे तिथंच, गाळानं भरलेलं.

गावाबाहेरच्या बारवेवर गेले. एप्रिलात बत्तीस पायऱ्या मोजल्या होत्या मी, खाली हिरवं डबकं होतं. आज वरच्या दोन पायऱ्या सोडल्या तर सगळं पाणीच. आसरांचे दगड कुठंतरी खाली आहेत. कुणीतरी काठावरच नवी ओटी ठेवून गेलं होतं, खण, नारळ.

वरच्याच पायरीवर बसले आणि पाय आपोआप पाण्यात गेले. उतरावं लागलं नाही.

तिथंच बसून लिहिलं. 2016 चा उन्हाळा असाच जीवघेणा होता, पण त्या वर्षी पुढं पाऊस चांगला झाला. गोदानं एप्रिलातच सरळ सांगितलंय, “मला वर कुणी काढलं ते मला ठाऊक हाय,” आणि सोयरीक मोडलीय. धाकली त्या रात्री इळा उंबऱ्यावर ठेवून बारवेत परत गेली, कारण बहिणींनी आणलेल्या सौद्यात दुसरी वाट नव्हती. (सकाळी गोदाची आई तोच इळा घेऊन गवताला जाते. ‘चांगली धार हाय, कुणाचा म्हणायचा?’) मग पाच महिने काही नाही. मग पाऊस. गोदा कळशी घेऊन बारवेवर येते. दोर आणलेला नाही. वरच्या पायरीवर बसून कळशी पाण्यात तिरकी करते, आणि कळशीला दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात लावतं.

आवाज तिथंच घेतला, फोनवर. कळशी भरताना जो गुडगुड आवाज हळूहळू बारीक होत जातो, तो पूर्ण. मागं एक बेडूक आहे. राहू दिला.

पाणी वर आलं हे लिहिताना रानाकडं बघवत नव्हतं. बारवेच्या पलीकडच्या बांधावर काळं पडलेलं सोयाबीन आडवं झालंय. आनंदाच्या शेवटाला हेच पाणी वापरावं का, अजून खात्री नाही. पण पाणी असंच येतं आपल्याकडं, बेतानं आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

26 ऑक्टोबर

सातही भाग जोडून झाले. वट्टात 79 मिनिटं. बारक्यानं आज्जीचा आवाज स्वतःच केलाय आणि तो सगळ्यात चांगला झालाय, हे त्याला सांगायची सोय नाही.

आत्यानं एका बैठकीत ऐकलं. एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानानं गल्लीकडं लक्ष. नंदाच्या ‘कोणतं स्टेशन’ला हसली. कळशीपाशी डोळे पुसले का घाम, ते कळलं नाही. संपल्यावर इअरफोनची वायर नीट गुंडाळली.

“पाचव्या भागात जातं खोटं वाजायलंय,” म्हणाली.

मी सांगितलं, जूनचं रेकॉर्डिंग तुझ्या ओवीखाली दबलं होतं, म्हणून जातं धुऊन परत एकदा दळलं. मी एकटीनं. दुसऱ्या बाईची ओढ बारक्यानं कॉम्प्युटरवर जोडली, अडखळ घासून काढली.

“दिसतंय की. दोघी असल्या म्हंजी असं गुळगुळीत नसतंय. एकीचं ओढणं जरा जास्ती होतंय, दुसरी सावरून घेती. ते ऐकू याय पाहिजे.” आणि मग, पान जुळवता जुळवता, “गोदाचं काम करती ती पोरगी कुठं ऱ्हाती?”

नांदेड. गाडीनं तासाभराचा रस्ता. मार्चपासून आम्ही एका खोलीत एकदाही बसलेलो नाही.

साडेदहापर्यंत थांबले नाही, नऊलाच लावला. उचलला. मागं टीव्ही चालू होता, ती बाहेर आली असावी, आवाज बदलला. पाचवा भाग परत करायचाय म्हणाले, पाच मुठी, समोर कुणीतरी पाहिजे. थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज.

येत्या रविवारी येतेय. तपोवन एक्सप्रेसनं. हळकुंडं अर्धा किलो आणायची, बारक्याला जास्तीची बॅटरी सांगायची.